किल्लीवरचा ओरखडा

बाराला दहा मिनिटं कमी असताना श्रीमंतने नेहमीसारखं दार ओढून घेतलं, लॅच बसल्याचा खटका ऐकला, तळहाताने दार एकदा ढकलून बघितलं आणि किल्ल्यांचा जुडगा करगोट्याला अडकवायला शर्ट वर केला. जिन्याच्या खिडकीतून ऊन सरळ त्याच्या हातावर पडलं होतं. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सोळा दिवस झाले होते आणि या सोळा दिवसांत त्याला नको तितकं दिसायला लागलं होतं: भिंतीच्या रंगाचे पोपडे, समोरच्या शरणप्पाच्या चपलांच्या झिजलेल्या टाचा, स्वतःच्या नखांवरच्या उभ्या रेघा. तसंच त्याला हेही दिसलं. घराच्या किल्लीच्या पात्यावर, दोन्ही बाजूंना अगदी समोरासमोर, दोन बारीक आडव्या रेघा होत्या. किल्ली पितळेची, वापरून काळपट पडलेली. रेघा मात्र पिवळ्याधमक होत्या. त्याने ती उन्हात फिरवली. दातांच्या कडेने वरपासून खालपर्यंत केसाएवढा एक ओरखडा गेला होता, एकसारखा, कुठेही न तुटता. खिशातल्या नाण्यांनी असा ओरखडा पडत नाही. एकतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती. ही किल्ली कुणीतरी मशीनच्या जबड्यात आवळली होती, आणि तिच्या दातांवरून एक टोकदार खीळ फिरली होती. म्हणजे तिच्यासारखी आणखी एक किल्ली आता कुठेतरी होती.

तो परत फिरला नाही. दार उघडून बायकोला, अंबूला हाक मारावी असं एकदा त्याच्या मनात आलं. पण तिला सांगितलं तर ती घाबरेल, आणि घाबरली की समोरच्या सिद्धम्माशी बोलेल, सिद्धम्मा नवऱ्याला, शरणप्पाला सांगेल, आणि मग ज्याच्याकडे ती किल्ली आहे तो सावध होईल. त्याने जुडगा अडकवला, शर्ट खाली सोडला आणि पायऱ्या उतरला. स्कूटर होटगी रोडला लागली तरी किल्लीचं थंड पातं पोटाला लागत होतं. रोज लागायचं, आज जाणवत होतं. तिथे मानसिंगरावांचा लेथचा कारखाना होता. निवृत्त झाल्यावर श्रीमंत बारा ते चार तिथे जाऊन बसायचा, नव्या कामगारांची कामं तपासायचा. त्या दिवशी त्याने एका शाफ्टचं माप तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं लिहिलं. डोकं सगळं मागच्या सोळा दिवसांत होतं. लॅच घेताना तीन किल्ल्या मिळाल्या होत्या. दोन कपाटाच्या आतल्या कप्प्यात, कपाटाची किल्ली याच जुडग्यात, आणि जुडगा अंगावरून फक्त आंघोळीला उतरायचा, तोही न्हाणीच्या दाराला लागून असलेल्या खिळ्यावर. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने कपाट उघडून बघितलं. दोन्ही किल्ल्या होत्या, स्वच्छ, एकही ओरखडा नसलेल्या. अंबुबाईने स्वयंपाकघरातून विचारलं, काय शोधताय, तर तो म्हणाला, जुनी पावती.

मग राहिला एकच दिवस, ऑपरेशनचा. नर्सने सांगितलं होतं की अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही. त्याने स्वतःच्या हाताने जुडगा सोडून अंबूच्या कापडी पिशवीत टाकला होता आणि आत जाताना वळून पिशवीकडे बघितलं होतं. सकाळी नऊला तो आत गेला आणि जुडगा परत कमरेला आला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. आठ तास. त्या आठ तासांत दवाखान्यात कोण कोण होतं? त्यांना रिक्षाने सोडायला शरणप्पा आला होता आणि न सांगता तिथेच थांबला होता. बापूसाहेब, त्याचा धाकटा भाऊ, मोहोळहून सकाळच्या एसटीने आला होता. आणि अंबू. अंबूचं नाव मोजताना त्याच्या मनाने ते न थांबताच ओलांडलं. ती घरातच असायची. भाजीची गाडी फाटकाशी आली तरी दारात पाट आडवा लावून खाली जायची आणि जिन्यातून दार दिसेल अशा बेताने उभी राहून भाजी घ्यायची. जी कधी बाहेरच पडत नाही तिला किल्ली कशाला लागेल? हा हिशोब त्याने नोकरीत असताना कॉलनीतल्या खोलीत राहायला आल्यापासून केलेला होता आणि इतक्या वर्षांत त्यात एकदाही चूक निघाली नव्हती.

किल्ल्यांचं हे वेड त्याला जन्मतः नव्हतं. गावाकडे मेंढरं वाड्यात घालून लाकडाचा आडणा लावायचा एवढंच कुलूप त्याने लहानपणी पाहिलेलं. जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात तो फिटर म्हणून लागला तेव्हा टूलरूममध्ये पितळी बिल्ले असायचे. हत्यार घ्यायचं तर आपल्या नंबरचा बिल्ला खुंटीला अडकवायचा, हत्यार परत दिलं की बिल्ला परत. ती रीत त्याला आवडायची. एका वर्षी गाळप बंद असताना दुरुस्तीच्या दिवसांत एक मायक्रोमीटर हरवला. खुंटीला कुणाचाच बिल्ला नव्हता. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पेट्या उघडल्या आणि तो श्रीमंतच्या पेटीत निघाला, त्याच्याच फडक्यात गुंडाळलेला. कुलूप शाबूत होतं. किल्ली त्याच्याकडेच होती. तो सांगत राहिला की कुणीतरी दुसरी किल्ली केली असणार, आणि साहेब शांतपणे म्हणाले, कुणी? त्या एका शब्दाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस दिवस तो घरी बसला. पुढे परत घेतलं, कुणी काही बोललंही नाही, पण त्याच्या शेजारी उभं राहून काम करणाऱ्यांपैकी एक तो माणूस होता, रोज त्याला राम राम करणारा, त्याच्या डब्यातली शेंगाची चटणी खाणारा, आणि तो कोण हे त्याला अखेरपर्यंत कळलं नाही. त्या चाळीस दिवसांनंतर त्याने जुडगा करगोट्याला बांधला. माणसाचा चेहरा बघून काही कळत नाही, हे त्याने तेव्हा ठरवून टाकलं. हात बघायचे. हात कुठे जातात ते बघायचं.

आता तो शरणप्पाचे हात बघू लागला. शरणप्पा अक्कलकोटकडचा, सिटी बसवरून निवृत्त झालेला, दिवसभर दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी खुर्चीत बसणारा. आठ वर्षांचा शेजार. पूर्वी तो खुर्चीत बसलेला असायचा म्हणून श्रीमंतला बरं वाटायचं. आता वाटू लागलं की हा माणूस आपलं जाणं-येणं टिपत बसलेला असतो. बाराला गेले, सव्वाचारला आले. लवकरच पुण्याला लेकीच्या, सोनमच्या पोराचं जावळ होतं आणि श्रीमंत-अंबुबाई चार दिवस जाणार होते. शरणप्पाने जिन्यात गाठून विचारलं, पुण्याला कधी निघणार. श्रीमंतने मोघम उत्तर दिलं. तर तो म्हणाला, पाणी चार दिवसाआड येतं, नेमका तुमचा पाण्याचा दिवस चुकेल, किल्ली ठेवून जावा की, मी टाकी भरून ठेवतो, तुळशीलाही घालतो. बोलताना तो हातातल्या वर्तमानपत्राची घडी अंगठ्याने दाबत होता. श्रीमंत त्या अंगठ्याकडे बघत राहिला. ज्याच्याकडे आधीच किल्ली आहे तो माणूस किल्ली मागेल का? मागेलच. उद्या काही झालं तर म्हणायला मोकळा, तुम्हीच दिली होती. श्रीमंत म्हणाला, बघू. त्याला स्वतःचाच आवाज साहेबांसारखा वाटला. घरात येऊन दार लावल्यावर तो बराच वेळ दाराच्या भोकाला डोळा लावून उभा राहिला. शरणप्पा आपल्या खुर्चीत बसून कान कोरत होता. हेही त्याला खरं वाटलं नाही.

अंबुबाईत काही बदल झाला होता का? पुढे त्याने पुष्कळदा मागे जाऊन आठवून बघितलं. तिच्या पायांच्या भेगांमध्ये तांबूस धूळ दिसायची, पण ती त्याने नव्या डोळ्याच्या खात्यात टाकली. भेगा आधीही असतील, आपल्याला दिसत नव्हत्या. एकदा जेवताना ती म्हणाली होती की कंबर तलावावर यंदा पक्षी लई आलेत. कुणी सांगितलं, असं त्याने विचारलं नाही. सिद्धम्माने सांगितलं असणार. संध्याकाळी तो आला की चहा तयार असायचा, ती तशीच खालच्या मानेने कप पुढे ठेवायची. फक्त एक दिवस ती स्वयंपाकघरात कानडीतलं काहीतरी गुणगुणत होती आणि तो आल्याचा आवाज होताच थांबली. त्याला त्यात एवढंच दिसलं की हे समोरच्या घरातून आलेलं आहे, म्हणजे त्या घराचा आणि या घराचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून जास्त आहे. म्हणजे संशय पुन्हा शरणप्पाकडेच गेला.

आणि सोमवारी बापूसाहेब आला. मोहोळहून कांद्याची गाडी घेऊन तो पहाटेच मार्केट यार्डात आलेला असायचा. लिलाव आटोपला की दुपारी भावाकडे जेवून परत जायचा. सोमवारी मानसिंगरावांचा कारखाना बंद असायचा, म्हणून श्रीमंत घरी होता. बापूसाहेब पाय धुऊन आला, पाटावर बसला, अंबुबाईने भाकरी-पिठलं वाढलं आणि वाळवण राखायला गच्चीवर गेली. दोघेच राहिले. बापूसाहेब म्हणाला, गावाकडे मोजणी येणार आहे, वाटणीचा कागद तुझ्याकडे आहे, एकदा झेरॉक्स काढून दे. कागद कपाटात होता. श्रीमंतच्या डोक्यात एक खटका बसला, लॅच बसतो तसा. कागद. एवढे दिवस तो विचार करत होता की या घरात चोरण्यासारखं आहे तरी काय, आणि हा मनुष्य पिठल्यात भाकरी बुडवत ते स्वतःच्या तोंडाने सांगत होता. तो उठला, कपाटापाशी गेला, कपाट बंदच होतं तरी त्याने जुडगा काढला, किल्ली फिरवून परत फिरवली, मूठ ओढून बघितली आणि जुडगा कमरेला लावला. बापूसाहेबाचा घास हातातच राहिला. श्रीमंतने विचारलं, ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात पिशवी कुणाकडे होती. बापूसाहेब म्हणाला, कुठली पिशवी, वैनीची? होती थोडा वेळ माझ्याकडे. किती वेळ? बापूसाहेबाने घास ताटात खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते श्रीमंतने ओळखलं. पेट्या उघडल्या त्या दिवशी आपल्या चेहऱ्यावर तेच असणार. पण ओळखलं ते नंतर. त्या क्षणी त्याला वाटलं, सापडला.

"आण्णा," बापूसाहेब म्हणाला, "काय हारवलंय ते तरी सांग. म्या घेतलंय का, असं सरळ इचार की."

श्रीमंत म्हणाला की हरवलं काहीच नाही, आणि ते खरंही होतं. बापूसाहेबाने थोडी वाट बघितली. मग ताटातच हात धुतला, अर्धी भाकरी तशीच ठेवून उठला, टोपी घातली. वैनीला सांग, घाई होती. दारात त्याने चपला पायात घालायला फार वेळ लावला. श्रीमंतला वाटलं, हा लॅचकडे बघतोय. अंबुबाई गच्चीवरून आली तेव्हा ताटाकडे बघून उभी राहिली. "भावजी जेवलं न्हाईत?" घाईत होता, श्रीमंत म्हणाला. तिने ताट उचललं. जेवणावरून कधी न उठणारा माणूस, एवढंच ती म्हणाली, आणि त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याने नजर वळवली. त्या आठवड्यात त्याने बापूसाहेबाला फोन केला नाही आणि बापूसाहेबाचाही आला नाही. दोन भावांत असं पूर्वी घडलं नव्हतं. दुपारी लेथचा आवाज कानात भरलेला असताना त्याला अर्धी भाकरी दिसायची, आणि तिच्यामागोमाग तो ओरखडाही, आणि दोन्हींपैकी कशावर विश्वास ठेवायचा ते त्याला ठरवता यायचं नाही.

पुण्याला निघायला चार दिवस उरले तेव्हा त्याने लॅचचं सिलिंडर, म्हणजे किल्ली शिरते तो आतला भाग, बदलायचं ठरवलं. त्याच कंपनीचं, त्याच रंगाचं, बाहेरून कुणाला फरक कळू नये असं. दुकानदाराने पुडक्यातल्या तीन नव्या किल्ल्या मोजून दाखवल्या. गुरुवारी सकाळी अंबुबाई न्हाणीत असताना त्याने काम सुरू केलं. चार स्क्रू, जुनं काढायचं, नवं बसवायचं. ती बाहेर आली तेव्हा शेवटचा स्क्रू राहिला होता. काय करताय, तिने विचारलं. तेल घालतोय, तो म्हणाला. ती टॉवेलने केस झटकत क्षणभर तिथेच थांबली. चांगलं उघडतंय की, ती म्हणाली, कशाला तेल? उघडतंय, असं ती म्हणाली. हा शब्दही त्याने ऐकला आणि जाऊ दिला. आतल्या बाजूने ती नुसती खुंटी फिरवायची, त्याला तेल काय आणि बिनतेल काय. नव्या किल्ल्यांपैकी एक त्याने जुडग्यात घातली, दोन शर्टाच्या आतल्या खिशात. जुनं सिलिंडर फडक्यात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकलं. बाराला दार ओढून घेतलं तेव्हा शरणप्पा खुर्चीत होता, आणि कित्येक दिवसांनी श्रीमंतने त्याला आपण होऊन विचारलं, जेवण झालं का. आता कर काय करायचं ते, असं त्याच्या मनात होतं. घाल किल्ली आणि फिरव.

कारखान्यात दीडला लाइट गेली. सवय असल्यासारखे सगळे यंत्राशेजारीच टेकले, पण दोन वाजेपर्यंत आली नाही आणि मानसिंगराव त्याला म्हणाले, आज येत नाही वाटतं, गावडे, तुम्ही जा. उन्हात तो आसरा चौकातून आला. रस्ता रिकामा होता. रसवंतीवालाही पोतं डोक्यावर घेऊन बसला होता. स्कूटर त्याने फाटकाबाहेरच लावली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आवाज न करता जावं असं वाटलं. पहिला जिना चढून तो वळणावर आला आणि वरून त्याला तो आवाज ऐकू आला. कुलपात किल्ली शिरण्याचा, अडण्याचा, पुन्हा बाहेर येण्याचा. त्याला आनंद झाला. ही गोष्ट त्याने पुढे कधीच कुणाला सांगितली नाही. इतक्या वर्षांनी त्या एका शब्दाचं उत्तर त्याला मिळणार होतं. कुणी? त्याने कठड्याला धरून मान वर काढली.

दाराशी अंबुबाई उभी होती. पायात चपला, खांद्यावर पदर नीट घेतलेला, काखेत पाण्याची छोटी बाटली. तिने किल्ली घातली, फिरवली, फिरेना. काढली. पदराने पुसली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली, फुंकर मारली, पुन्हा घातली. तिचा हात चाचपडत नव्हता. अंगठा आणि बोट नेमकं कुठे यायचं ते त्या हाताला ठाऊक होतं. असा हात एका दिवसात तयार होत नाही. श्रीमंत ज्या पायरीवर होता तिथेच राहिला. डोक्यातून एकामागून एक गोष्टी जात होत्या आणि प्रत्येक गोष्ट मागच्यापेक्षा वाईट होती. ही कुठून येते आहे? कुणाकडून? किती दिवस? तो होटगी रोडला मापं घेत असताना हे घर रोज रिकामं होतं, आणि सव्वाचारला चहाचा कप पुढे यायचा. तिचे ते धुळीचे पाय. समोरचं दार उघडलं आणि सिद्धम्मा बाहेर आली, म्हणाली, काय झालं वैनी, उघडंना व्हय, बसा की आत. म्हणजे तिला माहीत होतं. आतल्या खुर्चीत शरणप्पाचे गुडघे दिसत होते. म्हणजे त्यालाही. या जिन्यात त्याच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. मग अंबुबाई वळली आणि तिला तो दिसला.

तिने किल्ली लपवली नाही. त्याला वाटलं होतं, ती लपवेल. सिद्धम्मा आत गेली आणि तिचं दार, जे कधीच लागत नसे, हळूच लागलं. श्रीमंत वर आला. कुठे गेली होतीस, असं त्याने विचारलं. कुठे नाही, ती म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा ती पायरीवर बसली आणि बोलू लागली, त्याच्याकडे न बघता. ऑपरेशनच्या दिवशी तो आत गेल्यावर डॉक्टरांनी जुनी फाईल मागितली, ती घरी राहिली होती. बापू भावजींना पिशवी धरायला देऊन तिने त्यातला जुडगा काढून घेतला आणि रिक्षाने एकटी घरी आली. फाईल घेऊन परत जायला दहा मिनिटं पुरली असती. पण दार उघडून आत आल्यावर ती पलंगावर बसून राहिली.

"लगीन झाल्यापासनं माजं दार तुमी उगडताव, न्हायतर आतनं म्या उगडते," ती म्हणाली. "भाईरनं कदी उगडलं न्हवतं. त्या दिशी माजं मीच उगडलं. आत कुणीबी न्हवतं. मला लई बरं वाटलं."

परत जाताना दवाखान्याच्या कोपऱ्यावर किल्ल्या करणारा बसलेला दिसला. तिने रिक्षा थांबवली. दोन मिनिटांचं काम होतं. तेव्हापासून तो गेला की ती जेवून निघायची, कंबर तलावापर्यंत चालत जायची, झाडाखाली बसायची, पक्षी बघायची, कधी सिद्धम्मा बरोबर असायची, बहुतेक वेळा नसायची. अडीच-तीनला परत यायची. त्यातलं जाणं तिला आवडायचं, पण त्याहून जास्त येणं आवडायचं. श्रीमंतने विचारलं की मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुमी दिली असती? त्याने उत्तर शोधलं आणि खरं उत्तर मिळाल्यावर ते बोलला नाही. उलट त्याच्या मनात हेही येऊन गेलं की हे एवढंच असेल कशावरून, एवढ्यासाठी कुणी किल्ली करतं का. तलाव, पक्षी, येणं-जाणं. तो तिच्या हातांकडे बघू लागला. ते मांडीवर सैल पडलेले होते, जुन्या किल्लीसकट, आणि त्यांत बघण्यासारखं काही नव्हतं. मग त्याने तिला ओरखड्याचं सांगितलं, सिलिंडर बदलल्याचं सांगितलं. शरणप्पावरचा संशय सांगितला, बंद दाराकडे बघत, आवाज खाली घेऊन. शेवटी सोमवारचं सांगितलं. तिथे आल्यावर तिने मान वर केली.

"म्हंजे भावजी त्यापायी उपाशी गेलं?" तिने विचारलं. "किल्ली म्या केली आन् ताटावरनं त्यास्नी उठीवलं?"

उद्या मोहोळला जातो, तो म्हणाला. मी पण येते, ती म्हणाली, आणि जे झालं ते सगळं त्यांना सांगायचं, माझं पण आणि तुमचं पण, झाकून काही ठेवायचं नाही. हे ती विचारत नव्हती. फोनवर नको, ती म्हणाली, समोर बसून. भावजी बोलतील न बोलतील, त्यांचं त्यांनी ठरवावं. श्रीमंतने मान हलवली. खालून कुणीतरी जिना चढत होतं, पहिल्या मजल्यावर थांबलं, दार उघडून आत गेलं. दोघेही ते ऐकत राहिले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने आतल्या खिशात हात घातला. दोन नव्या किल्ल्या एकमेकींना तारेने बांधलेल्या होत्या. तार त्याने नखाने सोडवली, त्याला वेळ लागला. एक किल्ली परत खिशात ठेवली आणि दुसरी तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली, आणि जुनी पायरीवरच ठेवून उभी राहिली.

श्रीमंतने आपल्या जुडग्याने दार उघडलं आणि बाजूला सरून तिला वाट दिली. ती हलली नाही.

"तुमी जावा आत," ती म्हणाली. "मी येते."

तो आत गेला. तिने बाहेरून दार ओढून घेतलं. खटका बसला. आत अंधारल्यासारखं झालं. बाहेरच्या उन्हातून आल्यावर होतं तसं. तो दारासमोर उभा राहिला. बाहेर काहीच आवाज नव्हता. एक क्षण गेला, आणखी एक गेला. ती गेली, त्याला वाटलं. जिना उतरून गेली, आता किल्लीही तिच्याकडे आहे आणि रस्ताही. त्याचा हात आतल्या खुंटीकडे गेला. फिरवली असती तर दार उघडलं असतं आणि ती आहे की नाही ते दिसलं असतं. त्याने हात तिथेच थांबवला, आणि मग खाली घेतला. दारापलीकडे बांगड्या वाजल्या. किल्ली भोकाच्या कडेला घासली, आत शिरली. नवं सिलिंडर अजून घट्ट होतं. ती आधी उलट फिरली, अडली. आतून सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं, डावीकडे, डावीकडे फिरव. पण तो बोलला नाही. हा आवाज आतून कसा येतो ते त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. आधी एक बारीक कुरकूर होते, मग पोकळ लाकडात कुणीतरी घसा साफ केल्यासारखं, मग लॅचची जीभ सरकते. दार उघडलं. अंबुबाई आत आली, त्याच्याकडे न बघता पुढे गेली आणि भिंतीला हात टेकून एकेक करून चपला काढू लागली.